लंकेचा वैद्य

लक्ष्मण पडला तेव्हा आठाला पाच मिनिटं कमी होती.

वेळ मला नक्की आठवते, कारण तेवढ्यात हसनमियाँ सारंगानं कमरेचं घड्याळ काढून पाहिलं आणि म्हटलं, "बाळाजी, आठाला झेंडा चढायचाय. तुझ्या लक्ष्मणाला जरा लवकर उठव."

"आत्ता तर पडलाय तो, सारंगसाहेब," बुवा म्हणाले. "मारुतीला जायला-यायला तरी वेळ द्याल की नाय?"

घोंगडीवर बसलेली सात-आठ माणसं हसली. मी मागे उभा राहून झांज धरली होती, मीही हसलो. आकाश निरभ्र होतं, समुद्र तेल ओतल्यासारखा शांत, आणि धक्क्यावर माड हलत होते, अगदी आपल्या वेळणेश्वरचे वाटावेत असे.

एकेचाळीस सालच्या डिसेंबरातला हा रविवार. आमचं 'क्लॅरेमाँट' हे मालजहाज कलकत्त्याचा ताग घेऊन अमेरिकेला निघालं होतं आणि वाटेत हवाई बेटांवर, होनोलुलूच्या धक्क्याला लागलं होतं. मी डेकवरचा खलाशी, गुहागरजवळच्या पालशेतचा. बाळाजी धोपावकर आम्हा खलाशांचे स्वयंपाकी. जहाजावर त्या कामाला भंडारी म्हणतात, पण आम्ही त्यांना बुवाच म्हणत असू. दर रविवारी उजाडलं की जहाजाच्या मागच्या अंगाला घोंगडी अंथरायची, खिळ्याला मारुतीची तसबीर टांगायची, मग बुवा कमरेचं फडकं सोडून खांद्यावर उपरणं टाकून उभे राहायचे. देवळातल्या कीर्तनात असतं ते सगळं असायचं. पूर्वरंग असायचा, आख्यान असायचं, आणि बुक्का संपला म्हणून चुलीतली राखही असायची. मला कथेची गोडी लागली ती आईच्या मांडीवर. आख्यानं मला अक्षर न् अक्षर पाठ होती. बुवा कितीदा म्हणाले, "भागोजी, एकदा तू उभा राहा, मी झांज धरतो." पण माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की मी झांज आणखी घट्ट धरायचो. मला मागेच बरं वाटे.

हसनमियाँ परकार दाभोळचे, आम्हा सगळ्यांचे मुकादम. नमाजी माणूस, त्यामुळे घोंगडीवर येत नसत. जरा अंतरावर दोराच्या वेटोळ्यावर बसून बिडी ओढत, तोंड समुद्राकडे. पण त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लक्ष्मणाला शक्ती लागली की तो उठेपर्यंत कथा थांबवायची नाही. पाहुणा येवो, पाऊस येवो, बुवांचा घसा बसो. लक्ष्मण मूर्च्छित असताना जी कथा मोडते, तिच्यातलं कुणीतरी अंथरूण धरतं, असं आई म्हणायची. मला ते सूर्य-चंद्राइतकं खरं वाटे.

पश्चिमेकडून पहिला धमाका आला तेव्हा कुणी मानही वळवली नाही. तिकडे चार कोसांवर अमेरिकेचं आरमारी बंदर होतं, पर्ल हार्बर. तिथं रोजच तोफांचा सराव चाले. आणि अमेरिका कुठं कुणाशी लढत होती? विलायत दोन वर्षं लढत होती, तिच्यापायी आम्ही दोन वर्षं दिवे मालवून समुद्र ओलांडत होतो. होनोलुलूत शिरलो त्या संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागलेले पाहून आमच्यातले दोघे रडले होते. लढाईबाहेरची ही एकच जागा उरली आहे असं वाटलं होतं.

दुसरा धमाका झाला. मग तिसरा. पश्चिमेला काळ्या धुराचा खांब उभा राहिला.

"रविवारी कसला सराव?" हसनमियाँ उठून उभे राहिले. डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं की माडांची झापं उलटी झाली. त्याच्या पंखांवर लाल टिळा होता, कपाळभर कुंकू लावल्यासारखा.

"जपानी," हसनमियाँ हळू आवाजात म्हणाले, आणि मग ओरडले, "खाली चला, सगळे खाली. घोंगडी राहू दे."

माणसं उठली. बुवाही वळले. आणि मी, ज्यानं जन्मात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं तो मी, बोललो.

"बुवा, लक्ष्मण पडलाय."

बुवा थबकले. मी त्यांच्याकडे पाहत होतो, ते तसबिरीकडे. "खरंच की," ते म्हणाले. "दोन कडव्यांत उठवतो. धर झांज."

"अरे येडे झालात काय?" हसनमियाँ शिडीवरून ओरडले.

"आलोच, सारंगसाहेब. दोनच कडवी."

बुवांनी डोळे मिटले, मारुतीला उत्तरेकडे उडवला. मी झांज धरली. शहरावर जे गोळे येऊन पडत होते ते जपान्यांचे नव्हते, हे आम्हाला पुढं कळलं. घाबरलेल्या अमेरिकन तोफा विमानांवर गोळे सोडत होत्या, आणि न फुटलेले गोळे खाली येऊन फुटत होते. तसला एक आमच्या धक्क्यावर फुटला. माझ्या कानांत दडे बसले. धूर ओसरला तेव्हा मारुतीची तसबीर जागच्या जागी होती आणि बुवा घोंगडीवर आडवे झाले होते. मांडीतून रक्त असं येत होतं की उपरणं दाबून धरलं तरी बोटांमधून वर येई.

मारुती अजून वाटेतच होता.

*

पाव वाटणाऱ्या एका गाडीवाल्यानं आम्हाला उचललं. पावाच्या फळ्यांवर बुवा, त्यांच्या मांडीवर मुठी दाबून मी, आणि पुढं हसनमियाँ. रस्त्यात माणसं नुसती आकाशाकडे पाहत उभी होती. एक बाई देवळात जायच्या कपड्यांत फूटपाथवर बसली होती, टोपी मांडीवर घेऊन.

बुवांनी एकदाच डोळे उघडले. "डाळ चुलीवर आहे," म्हणाले, आणि शुद्ध हरपली.

इस्पितळाच्या ओसरीवर माणसं जमिनीवर निजवली होती. रक्ताचा आणि औषधाचा वास एकत्र. एका नर्सनं बुवांची नाडी पाहिली, आत हाक मारली. आतून एक डॉक्टर घाईघाईनं आला. ठेंगणा, चाळिशीचा, पांढऱ्या कोटाला रक्ताचे डाग, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोक्यावरून गेलेल्या विमानातला माणूस मी पाहिला नव्हता, पण त्या घटकेला मला तो हाच वाटला.

तो बुवांवर वाकायला गेला आणि मी त्याला ढकललं. दोन्ही हातांनी, जोरानं. तो भिंतीवर आदळला, चष्मा उडून फरशीवर पडला.

"हा जपानी आहे," मी मराठीतच ओरडलो. "याला हात लावू देणार नाय मी. दुसरा बोलवा. गोरा बोलवा."

नर्स किंचाळली नाही, काही नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तीही तसल्याच चेहऱ्याची होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

डॉक्टरानं खाली वाकून चष्मा उचलला. एका भिंगाला आडवा तडा गेला होता. त्यानं कोटाचा त्यातल्या त्यात स्वच्छ कोपरा शोधला, भिंगं पुसली, चष्मा डोळ्यांवर चढवला. मग सावकाश इंग्रजीत, मला कळेल असं बोलला, "आधी हा. मग माझं काय ते बोलू."

मी वाटेत तसाच उभा. मागून हसनमियाँचा हात माझ्या खांद्यावर पडला. मला वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलणार.

"भागोजी," ते म्हणाले, "बाळाजीच्या कथेत मारुती पहिल्यांदा कुठं जातो रे?"

"काय?"

"द्रोणागिरीच्या आधी. मुळी कुठली ते कुणीतरी सांगावं लागतं ना. ते सांगणारा वैद्य कुठून आणतो?"

मी डॉक्टरावरची नजर काढली नाही.

"बोल की. तुला तर अक्षर न् अक्षर पाठ आहे."

शास्त्री लोक म्हणतात, सुषेण वैद्य वानरच होता, रामाच्याच सैन्यातला. असेलही. पण आमच्या बुवांच्या कथेत, आणि त्यांच्या गुरूंच्या कथेत, सुषेण लंकेचा. रावणाच्या गावचा, रावणाचं मीठ खाल्लेला. मारुती त्याला घरासकट उचलून आणतो आणि रामापुढं ठेवतो. आणि रामाला कुणी विचारत नाही की बाबा, हा शत्रूचा माणूस, याच्या हाती भावाचा जीव देतोस?

"लंकेतून," मी म्हणालो.

"मी बाहेर बसून ऐकतो, तोंड समुद्राकडे करून," हसनमियाँ म्हणाले. "आत बसून तू काय ऐकलंस मग?"

मी बाजूला झालो. माझे हात बुवांच्या रक्तानं चिकट झाले होते, ते कुठं ठेवावेत ते कळेना. डॉक्टरानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसला, दोन बोटं जखमेत घातली, आणि इतका वेळ माझ्या मुठींना न थांबलेलं रक्त थांबलं.

*

बुवांना आत नेलं. तासाभरानं नर्स बाहेर आली. तिनं सांगितलं, शीर शिवली आहे, पाय राहील. पण रक्त फार गेलंय. माणूस आज रात्र काढील तर काढील. सकाळपर्यंत शुद्धीवर यायला हवा. तिच्या हातात एक बाटली होती, आत पिवळसर पाणी.

"ते काय आहे?" हसनमियाँनी विचारलं.

"रक्तातलं पाणी. गावातल्या लोकांनी देऊन ठेवलेलं. आता साठा संपत आलाय."

"कुणी दिलेलं?"

"कुणाचंही. त्याच्यावर नाव नसतं."

बाहेर रस्त्यावर रांग लागली होती. रक्त द्यायला आलेल्या माणसांची. गोदीतले हमाल, हवाईचे तगडे कोळी, फिलिपिनी, चिनी दुकानदार, एका डच जहाजाचे खलाशी, शेंदरी ओठांच्या दोन बाया, आणि किमोनो घातलेली एक जपानी म्हातारी, हातात पिशवी घेऊन. तिच्या मागेपुढे लोकांनी थोडी जागा सोडली होती. हसनमियाँ सरळ जाऊन तिच्या मागे उभे राहिले. मी त्यांच्या मागे.

मला सुईची भीती. त्याहून भीती ही की माझं रक्त परक्याच्या अंगात जाणार, तर त्यातून पाप लागतं की काय. हे मी बोलून दाखवलं.

"पाप सकाळीच लागलंय तुला," हसनमियाँ म्हणाले. "हे दिलंस तर थोडं फिटेल. आणि ज्याला माझं जाईल त्याचा विचार कर. त्या बिचाऱ्या अमेरिकनाला उद्यापासून तांदळाच्या भाकरीशिवाय जेवण जायचं नाय."

म्हातारीनं मागे वळून पाहिलं. तिला शब्द कळला नसणार, पण ती हसली.

संध्याकाळपासून गावात फौजेचा अंमल सुरू झाला. दिवे बंद, रस्त्यावर दिसेल त्याला गोळी. आम्हाला जहाजावर परत जाता येईना. नर्सनं बुवांच्या खाटेशी जमिनीवर जागा दिली. खिडक्यांना काळी कापडं ठोकली. ती रात्र कशी गेली हे मी सांगत नाही. ज्यानं कुणाच्या उशाशी अशी रात्र काढली आहे त्याला ठाऊक आहे.

पहाटे मी बुवांच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. श्वास चालू होता, पण इतका बारीक की नाकाशी बोट धरावं लागे.

"सारंगसाहेब," मी म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे. मी बोललो नसतो तर ते शिडी उतरले असते."

"हो," हसनमियाँ म्हणाले. त्यांनी मला समजावलं नाही, बरं वाटावं म्हणून खोटंही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचा तो मारुती किती वाजेपर्यंत परत यायला लागतो?"

"सूर्य उगवायच्या आत."

त्यांनी अंधारात घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "मग बसलास काय? कालपासून हवेत लटकलाय तो. तुझ्याशिवाय आहे कोण इथं त्याला उतरवणारा?"

मी उभा राहिलो. खोलीत वीस खाटा. कुणाचा हात नाही, कुणाचं तोंड भाजलेलं. उपरणं रक्तात गेलेलं, म्हणून खांद्यावर इस्पितळाचा पंचा टाकला. झांज जहाजावर राहिलेली. हसनमियाँनी खाटेखालचं औषधाचं पत्र्याचं ताट उचललं, उलटं केलं आणि बोटांनी ठेका धरला. दोन वर्षं समुद्राकडे तोंड करून बसणाऱ्या माणसाचा ठेका एका मात्रेनंही चुकत नव्हता.

मी हलक्या आवाजात सुरुवात केली. मारुती द्रोणागिरीवर पोचला. मुळी ओळखता येईना, म्हणून त्यानं अख्खा पर्वत उपटला. शेजारच्या खाटेवरल्या गोऱ्या पोरानं मान वळवली. मला वाटलं, गप्प बस म्हणेल. तो म्हणाला, "थोडं मोठ्यानं."

मग मी मोठ्यानं गायलो. पर्वत तळहातावर घेऊन मारुती निघाला. खाली समुद्र, पूर्वेला तांबडं फुटायला लागलेलं. इथं बुवांनी स्वतः रचलेलं एक पद आहे. मी ते साकीच्या चालीत उचललं.

"दिंडी," कुणीतरी म्हणालं.

मी थांबलो. हसनमियाँची बोटं ताटावर थांबली.

"तिथं साकी नाय लावायची," बुवा डोळे न उघडता पुटपुटले. "पर्वत उचलताना दिंडी. किती येळा सांगायचं."

हसनमियाँनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीकडेच पाहत म्हणाले, "लाव दिंडी. बुवा सांगतायत तर लाव."

मी दिंडी लावली.

*पर्वताचा तो भार फूल झाला,*
*उठी बंधो रे, पहा सूर्य आला.*

शेवटच्या ओळीला नर्सनं खिडकीवरचं काळं कापड काढलं. माझ्या गाण्यासाठी नव्हे. उजाडलं होतं म्हणून. दारात डॉक्टर उभा होता, तडा गेलेल्या भिंगाआडून पाहत. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं बुवांची नाडी धरली, घड्याळ पाहिलं, आणि मान हलवली, बरं आहे अशी.

तेवढ्यात कोपऱ्यातला रेडिओ कुणीतरी मोठा केला. सगळ्या खाटा गप्प झाल्या. हजारो मैलांवरून त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचा आवाज येत होता. मला सगळं कळलं नाही. काल आपल्यावर न सांगता हल्ला झाला, आपण आता लढाईत आहोत, एवढं कळलं. गोऱ्या पोरानं मूठ आवळली. दिव्यांचं ते एकमेव गाव, तेही गेलं.

डॉक्टर सगळं ऐकत होता. हात मात्र थांबले नव्हते. बुवांच्या मांडीची पट्टी तो सोडवत होता, नवी बांधत होता. भाषण संपल्यावर मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "काल तुम्ही म्हणालात, मग माझं काय ते बोलू."

"हो."

"मी काय बोलू?"

त्यानं पट्टीची गाठ मारली. "माझा जन्म या इस्पितळाच्या मागच्या गल्लीतला," तो म्हणाला. "आता बरेच जण मला ढकलतील. तू बाजूला झालास, ते मी लक्षात ठेवीन." मग बुवांकडे पाहून विचारलं, "तू गात होतास, त्या गोष्टीत शेवटी काय होतं?"

"भाऊ उठतो," मी म्हणालो.

*

आमचं जहाज आठवड्यानं निघालं. बुवा मागे राहिले, त्रेचाळीस साली पाय ओढत घरी आले. त्यांच्याकडून कळलं, डॉक्टरला फौजेनं दोनदा चौकशीला नेलं होतं, आणि दोन्ही वेळा तो परत येऊन पहिल्यांदा त्यांची पट्टी बदलून गेला.

मग बुवांनी समुद्र सोडला. पालशेतच्या मारुतीच्या देवळात ते कथा करू लागले, मीही सुट्टीवर आलो की मागे झांज धरी. मी डॉक्टरला ढकललं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तेव्हा बेशुद्ध होते. हसनमियाँनी सांगितलं नव्हतं. एका हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, देवळाच्या पायऱ्या झाडताना, मीच सांगितलं. चष्मा, तडा, सगळं. बुवा ऐकत पायरी झाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणशक्तीचं आख्यान होतं. देऊळ भरलेलं. दाभोळहून हसनमियाँ आले होते, बाहेर पारावर बसले होते, तोंड समुद्राकडे. मारुती लंकेत शिरला, सुषेण वैद्याला घरासकट उचलला, रामापुढं आणून ठेवला. इथं बुवा दर वेळी सरळ मुळीकडे वळत. त्या दिवशी वळले नाहीत.

"तर मंडळी," ते म्हणाले, "हा लंकेचा वैद्य होता चष्मेवाला."

बायका हसल्या. पोरं पुढं सरकली.

"हसता काय? होता. आणि मारुतीराय घाईत. भावाचा जीव जातोय, माणसाला भान कुठलं? उचलताना धक्का लागला आणि वैद्याचा चष्मा पडला. भिंगाला तडा गेला. मारुतीराय शरमले. आता म्हणणार तरी काय? तर वैद्यानं चष्मा उचलला, असा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला."

बुवांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. झांज वाजवायची राहून गेली होती, ती त्यांनी नजरेनंच मला आठवून दिली. मग पुन्हा लोकांकडे तोंड करून, त्या डॉक्टरच्याच सावकाश आवाजात म्हणाले,

"आधी हा. मग माझं काय ते बोलू."